पाच काडतुसं आणि दोन मिलिमीटर

३ मार्च, सकाळी ७
ठरलं. सोळाला नेमबाजीच्या रेंजवर हिच्या नावाची पहिली स्पर्धा. उद्घाटनाचे पाच राउंड मीच झाडणार. हिच्याच रायफलने, हिनेच घरी भरलेल्या काडतुसांनी. डब्यात मोजून पाच उरलीत. हिला जाऊन सात महिने झाले. मी पूर्ण सावरलो आहे. चहा अजून दोन कप होतो, पण ते भांडंच मोठं आहे.

५ मार्च
व्हर्नियर लावून लांबी मोजली. पाचही काडतुसं माझ्या काडतुसं भरायच्या पुस्तकातल्या मापापेक्षा दोन मिलिमीटर आखूड! गोळी जास्त आत बसवलेली. वाटलंच होतं. मी तीस वर्षं वर्कशॉपात इन्स्पेक्टर, आणि घरात हिचा सगळा कारभार अंदाजपंचे. पडद्यांच्या वेळीही बजावलं होतं. (पडदे नीट बसले, ती गोष्ट वेगळी.)

६ मार्च
बंदुकांच्या मिस्त्रीला फोन. म्हणे, काका, हात लावू नका. काकूंची रायफल शॉर्ट ॲक्शनची, काडतूस आत ढकलणाऱ्या बोल्टची धाव आखूड, म्हणून काडतुसांची पेटी, मॅगझिनही आखूड. पुस्तकातलं माप लांब मॅगझिनचं. मुलगा गुणी आहे. अनुभव कमी.

८ मार्च
चार दुरुस्त केली. हिच्याच अवजाराने गोळ्या दोन-दोन मिलिमीटर बाहेर ओढल्या. पाचवं घेणार तोच लेकीचा फोन. काय करताय बाबा, म्हणाली. म्हटलं, तुझ्या आईची चूक सुधारतोय. फोनच बंद झाला. नेटवर्क गेलं असावं.

१२ मार्च
मॅगझिनमध्ये घालून बघावं का? नको. मापात आहे ते बसणारच. त्यापेक्षा भाषण पाठ करावं. दुसऱ्या वाक्याला दर वेळी पाणी प्यायला उठतो. हवा बदलली आहे.

१६ मार्च, दुपारी १
पहिलं काडतूस मॅगझिनमध्ये जाईना. टोक पुढच्या भिंतीला अडलं. दुसरं तेच. मॅगझिन खराब, असं मी जाहीर केलं. तिसरं. चौथं. चाळीस माणसं खाली बघत होती. मग लेकीने डब्यातलं पाचवं घेतलं, तेच ज्याला माझा हात लागला नव्हता. टक्कन बसलं. तिने झाडलं. गोळी मधोमध.
मिस्त्रीने बाजूला नेऊन सांगितलं, काकू दर वेळी मॅगझिन पिशवीतून त्याच्या दुकानात आणायच्या, त्यात घालूनच काडतुसाचं माप ठरवायच्या. म्हणायच्या, पुस्तक ह्यांचं, रायफल माझी. तो आणि ही खूप हसायचे म्हणे. मला कधी बोलली नाही.

१६ मार्च, संध्याकाळी ६
मिस्त्री म्हणतो, उरलेल्या चार गोळ्या परत आत बसवून देतो. देईलही. पण मग ती काडतुसं हिने भरलेली नसतील. हिने भरलेलं आता एकही उरलं नाही. चार मी घालवली.
भाषण राहूनच गेलं. त्यात घालायला हवं होतं ते एकच वाक्य आत्ता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हटलं: माप तुझंच बरोबर होतं. नीट ऐकू जाईल असं, दोनदा म्हटलं.
अहो, काय म्हणालात, असं कोणी विचारलं नाही.