बत्तीस अक्षरं

१४ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा बरा आहे, जिना चढते. तुझी रिकामी खोली रोज झाडते. कशाला म्हटलं की म्हणते, "धूळ काय माणूस बघून बसते?" मी ठीक. ऑफिसात नव्या पोरांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

परवा त्यांना सांगत होतो : प्रोग्रामातलं स्ट्रक्चर म्हणजे माहिती ठेवायच्या कप्प्यांचा डबा. कुठला कप्पा केवढा, हे हाताने लिहू नका. साइझऑफ ही आज्ञा वापरून मशीनलाच माप विचारा. डबा अजून तयार केलेला नसला, तरी आहे असं धरून विचारता येतं. एका मुलीने विचारलं, "आणि हाताने आकडा लिहिला तर?" मी फळा पुसायला घेतला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तुमच्या हॉस्पिटलचा प्रोग्राम माझाच. पेशंटला न सोसणाऱ्या औषधांचा कप्पा आधी बत्तीस अक्षरांचा होता. तू म्हणालीस, "दादा, पूर्ण नावं मावत नाहीत रे." मी तो एकशे अठ्ठावीसचा केला आणि वर चिडवलं, "आता खुशाल निबंध लिही."

कप्पा वाढला. पण त्यात मजकूर भरणाऱ्या प्रोग्रामच्या ओळीत मी हाताने लिहिलेला बत्तीस तसाच राहिला. बाकीच्या नर्स नावं तोडून लिहायच्या, त्यांचं भागायचं. तू त्या पेशंट आजोबांना न सोसणारी चार औषधं पूर्ण लिहिलीस, शेवटचं पेनिसिलिन. तिसऱ्यातच जागा संपली. पुढच्या पाळीत त्यांना पेनिसिलिन दिलं आणि ते गेले. चौकशीत रेकॉर्ड उघडलं, तर ते नाव नाही. तू रडत म्हणालीस, "मी लिहिलं होतं, दादा." मी म्हणालो, "घाईत राहून गेलं असेल."

ठमे, ती ओळ मला तुझी नोकरी गेल्यावर आठवड्यातच सापडली. गुपचूप दुरुस्त केली आणि चौदा महिने तोंड शिवून बसलो. घाबरलो, दुसरं काही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोरच तुला फोन करून धीर देत राहिला. मला माझीच किळस येते.

सोमवारी तुझ्या अपिलाची सुनावणी आहे. जुनी ओळ, तिची तारीख आणि माझा सही केलेला जबाब आज अपिलाच्या कचेरीत देऊन आलो. प्रत सोबत आहे. आजोबांच्या पत्नीलाही लिहिलंय. हे पत्र टाकून घरी गेलो की आईला सांगणार आहे.

खाली 'तुझा दादा' लिहायला हात धजत नाही. ते नाव तू दिलेलंस. ठेवायचं की काढून घ्यायचं, तूच ठरव.

आईचा थोरला