बाबांचा ‘हां’

वाघोली, पुणे
१९ जानेवारी २०२५

प्रिय संजूदादा,

सप्रेम जय भीम. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. सुरतेला तुम्हीही बरे असाल. आईने निकितासाठी स्वेटर विणायला घेतला आहे, लेकीची उंची किती झाली ते कळव.

फोनवर बाबांचं नाव निघालं की तू “नंतर बोलू” म्हणतोस, म्हणून पत्र लिहितोय. आधी कच्चं लिहिलं, मग हे उतरवलं.

कारखाना चालू आहे. झुलत्या खुर्च्यांना मागणी आहे. कर्वेनगरच्या एक बाई परवा फोनवर म्हणाल्या, “अहो, खुर्ची माझ्यासाठी करताय की माझ्या नातसुनेसाठी, तेवढं सांगून ठेवा.” उशीर होतोय, कारण खुर्चीखालच्या पट्ट्या वाकवताना फुटतायत. लाकूड वाळकं येतंय, असं मी सगळ्यांना सांगतो.

ते खरं नाही. लाकूड चांगलं आहे. वाफही पुरेशी देतो.

दादा, पावसाळ्यात बाबांना पॅरालिसिस झाला. तुला कळवायचं नाही, अशी आईने शपथ घातली होती. उजवा हात लुळा आहे. हळूहळू चालतात. शब्द तोंडापर्यंत येतो आणि अडकतो. दिवाळीपासून पुन्हा कारखान्यात येऊन बसतात.

आपल्याकडची रीत तू विसरला नसशील. पेटीतून वाफाळलेली पट्टी काढून साच्यावर ठेवली, की दोघांनी दोन टोकं धरून थांबायचं. बाबा “हां” म्हणतील तेव्हाच ओढायचं. दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही. तू एकदाच उघडलंस. पट्टी सुरेख वाकली होती, तरी बाबांनी ती भट्टीत घातली आणि तू घर सोडलंस. तेव्हापासून तुझं टोक शेजारच्या गाळ्यातला पोपट धरतो.

“हां” अजून बाबाच म्हणतात. पण तो यायला वेळ लागतो. तोवर लाकूड निवतं, आणि ओढलं की काडकन फुटतं. बाबा तुकड्यांकडे बघत राहतात. मी म्हणतो, “वाळकं होतं.”

पोपट चिडतो. “आरं, त्यांच्या तोंडाकडं किती बघायचं? तूच म्हण की हां! जीभ हाय ना तुला?”

“बाबांसमोर?”

“मग मी म्हणतो. मला कुठं घर सोडून जायचंय?”

मी त्यालाही म्हणू दिलं नाही.

काल पट्टी साच्यावर ठेवली, तेव्हा बाबा स्टुलावरून उठले. पोपटला बाजूला सारून त्यांनी डाव्या हाताने तुझं टोक धरलं आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांना सगळं कळत होतं, दादा. कदाचित पहिली पट्टी फुटली तेव्हापासूनच. ते मी “हां” म्हणायची वाट बघत होते.

“म्हण की लेका,” पोपट कुजबुजला.

माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. वाफ विरली. लाकूड पार गार झालं तरी आम्ही दोघं ते धरून उभे होतो. शेवटी आईने येऊन बाबांची बोटं सोडवली.

आज ते कारखान्यात आले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. आई जेवायला वाढते. मी “हां” म्हटलं असतं, तर बाबांची जागा बळकावल्यासारखं झालं असतं. नाही म्हटलं, तर त्यांनी आपणहून दिलेलं नाकारल्यासारखं झालं. काय करायला हवं होतं ते मला अजून कळत नाही. भट्टी पेटवायचा धीर होत नाही.

तू ये, असं लिहिण्याचा मला हक्क आहे की नाही, ठाऊक नाही. कोणी माफी मागणार नाही आणि तूही मागू नकोस. फक्त पट्टीचं तुझं टोक धर आणि त्यांच्यासमोर उभा राहून एकदा “हां” म्हण. माझ्याच्याने होत नाही.

वहिनींना जय भीम, निकिताला पापा.

घरात असूनही कोणाच्या उपयोगी न पडलेला,
तुझा
प्रज्ञेश