काच आईने फोडली नाही

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. पुढचं ‘विनंती विशेष’ गाळलंय, कारण या पत्रात विनंती शोधूनही सापडणार नाही. आईची गाडी विकायची नाही. तू पाहून ठेवलेल्या गिऱ्हाइकाला तसं कळव. शाळेला सुट्टी लागल्यापासून मी आईकडेच आहे. फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागद. त्याला मध्येच ‘बरं, ते सोड’ म्हणता येत नाही.

तुझा आरोप मला तोंडपाठ आहे, कारण वहिनीच्या वाढदिवसाला, आईकडे जेवणाच्या टेबलावर, मुलांसमोर आणि तिच्या माहेरच्या माणसांसमोर तू तो अगदी मुद्देसूद मांडलास. गाडी दारात उभी होती, मागच्या काचेचा चुरा झाला, त्या दिवशी गाडी फक्त आईने चालवली होती. म्हणजे मागे घेताना आईने ती कुठेतरी ठोकली आणि विसरून गेली. जोडीला डिकीतलं पाणी. आई म्हणते पाऊस झाला की आत पाणी येतं. तू भर उन्हाळ्यात डिकी उघडून पाहिलीस, ती कोरडी. म्हणजे आईला भास होतात. निकाल दिलास आणि किल्ली खिशात घालून निघून गेलास.

दादा, आमच्या न्यायशास्त्रात एखादी गोष्ट खरी मानायला निदान तीन वाटा सांगितल्यात: स्वतः पाहिलेलं, तर्काने काढलेलं आणि विश्वासाच्या माणसाने सांगितलेलं. पाहिलेलं तुझ्याकडे काही नव्हतं. विश्वासाच्या माणसाने सांगितलं होतं, ‘मी काही केलं नाही रे, ती आपोआप फुटली.’ ते तू ताटातल्या कढीपत्त्यासारखं बाजूला सारलंस. उरला तर्क. तुझ्या तर्काला हेत्वाभास म्हणतात, म्हणजे कारणाचा नुसता आव. असल्या उत्तराला मी नववीतल्या मुलींना भोपळा देते, आणि त्या निदान लाजतात तरी.

मी आले तेव्हा गाडीच्या मागच्या भगदाडावर प्लास्टिक चिकटवलेलं होतं आणि आईची तऱ्हा त्याहून फार बरी नव्हती. गॅस बंद केलाय ना, हे पुन्हा पुन्हा उठून बघायची. शेजारीण काही निरोप सांगायला आली, तर ‘माझ्या मुलीला सांगा हो, माझ्या काही लक्षात राहायचं नाही’ म्हणाली. ही आपली आई! गिअर बदलता बदलता जिने आपल्याकडून पाढे घोकून घेतले, वळण आलं की बाबा शेजारच्या सीटवर डोळे मिटून घ्यायचे आणि जी तेवढ्यात त्यांची चेष्टाही करायची, ती. तिचं काहीएक बिघडलं नव्हतं. तू सांगितलंस की बिघडलंय, आणि तिने ते मनावर घेतलं. मला गाडी दुरुस्त करायची होती ती या कारणासाठी. जुन्या पत्र्याचं प्रेम मला तुझ्याइतकंच, म्हणजे बेताचंच आहे.

किल्लीचं आधीच सांगते. गाडीचं कुलूप बदललं. तुझ्याकडची किल्ली आता कान कोरायला वापर.

मेकॅनिक मला ‘मॅडम’ म्हणतो आणि आईला ‘मावशी’. माणूस बोलघेवडा, आणि जगातल्या सगळ्या दुःखांवर फटी बुजवायच्या सिलंटची नळी हा एकच इलाज मानणारा. पण काचेभोवतीचं जुनं रबर त्याने सोलून काढलं आणि हातातली नळी खाली ठेवली. खालच्या कोपऱ्यात पत्रा गंजून पुरीसारखा फुगला होता. गंज जागा मागतो, दादा. वर्षानुवर्षं रबराखाली पाणी मुरत होतं, पत्रा फुगत होता, काचेच्या कडेला रेटत होता. काच सोसते, सोसते आणि एका तापलेल्या दुपारी उभ्या जागी तिचा चुरा होतो. त्याला दगड लागत नाही, आई लागत नाही. काच फोडणारी धडक बंपरला ओरखडाही न काढता कशी बसते, हा प्रश्न तुला तेव्हाच पडायला हवा होता. इंजिनियर आपल्या घरात तू आहेस.

मी विजयी मुद्रेने आईकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘असेल गं गंज. पण मीच कधीतरी काही केलं असेल.’ इतकं चिडायला मला बऱ्याच वर्षांत जमलं नव्हतं.

गंज घासला, रंग दिला. या गाडीची काच आता कुणी बनवत नाही. तसल्याच एका मोडीत निघालेल्या गाडीची मिळाली. ती बसवायची रीत मजेशीर आहे. नवं रबर काचेला चढवायचं, त्याच्या खाचेत दोरी भरायची, सगळ्याला साबणाचं पाणी लावायचं. मग एकाने आत बसून दोरी ओढत जायचं, म्हणजे रबराची कड पत्र्यावर चढते, आणि दुसऱ्याने बाहेरून तळव्याने काच दाबत राहायचं. आत मी होते. पहिल्यांदा दोरी तुटली आणि मी मागच्या सीटवर उताणी पडले. आई खुदकन हसली. मी पुन्हा पडायलाही तयार होते, पण दुसऱ्या खेपेला काच बसली.

आणि तरी पाऊस झाल्यावर डिकी ओली. मेकॅनिकने काचेभोवती सिलंट थापून जाहीर केलं की आता थेंब आला तर तो मिशी उतरवेल. आई हळूच म्हणाली, ‘पाणी काचेतून येतच नाहीये.’ तो म्हणाला, ‘मावशी, तुम्हाला वाटतंय तसं. आतला दमटपणा असतो.’ नेमकं तुझं वाक्य, दादा, तुझ्याच सुरात.  आई घरात गेली आणि तोंडाला लावायच्या पावडरचा डबा घेऊन आली. मागची सीट पाडली, डिकीत सगळीकडे पावडर शिंपडली, टॉर्च हातात घेऊन गुडघे दुमडून आत शिरली आणि मला म्हणाली, ‘दार लाव आणि सोड पाणी. मी टकटक करेपर्यंत थांबायचं नाही.’ मी पाइप धरला. मेकॅनिक हसत होता. काचेवर सोडलं, काही नाही. दिव्यांवर सोडलं, काही नाही. वर छताजवळ, डिकीच्या दाराच्या बिजागरीवर धार धरली, आणि आतून अशी टकटक आली की पत्र्याला पोचा पडेल वाटलं.

बिजागरीखालचं रबर कुजलं होतं. पाणी तिथून शिरून छताच्या कापडाआडून उतरायचं आणि काचेच्या कोपऱ्यात प्रकट व्हायचं. पावडरीवर त्याची वाट नदीसारखी उमटली होती. आई बाहेर आली ती केसांपासून कोपरापर्यंत पांढरीफटक. मेकॅनिककडे बघून म्हणाली, ‘मी सांगत होते.’ मग माझ्याकडे वळून, ‘मी सांगत होते ना?’ आणि तिसऱ्यांदा, कुणाकडेच न बघता, ‘मी पहिल्यापासून सांगत होते.’ त्यानंतर गॅस बघायला ती उठलेली नाही. मेकॅनिकची मिशी मात्र अजून आहे. त्याच्या मते थेंब ‘काचेतून’ आला नव्हता.

आता मुद्दा. रविवारी आई तुझ्याकडे येते आहे. गाडी ती चालवणार, मी शेजारी बसणार, डोळे उघडे ठेवून. तिला तुला काहीच सांगायचं नाहीये, ‘त्याला वाईट वाटेल’ म्हणते, आणि हे पत्र तिला न विचारता लिहिलंय. तू गाडीचं कौतुक करू नकोस, काचेवर टिचकी मारून हसण्यावारी नेऊ नकोस, मिठी मारून विषय बदलू नकोस. वहिनीला, मुलांना आणि त्या दिवशी टेबलाशी असलेल्या सगळ्यांना बोलाव. जे चारचौघांत बोललास, ते चारचौघांतच परत घे. तीन शब्द पुरतील: ‘तुझं खरं होतं.’ जमणार असेल तर दारात उभा राहा. तू दिसला नाहीस, तर आम्ही फाटकासमोर वेगही कमी करणार नाही. रस्ता पुढे बराच लांब जातो, आणि आईने टाकी काठोकाठ भरून घेतली आहे.

तुझीच, आणि या एका बाबतीत मुळीच तुझी नसलेली,
धाकटी