आईची कवळी वाटीत

गुरुवार, मुलुंड

आज आई कवळीशिवाय हसली. तेच अजून डोळ्यांपुढे आहे.

तिच्या उरलेल्या दातांच्या हिरड्यांतून रक्त येणं थांबतच नव्हतं. हिरड्यांतले जंतू आणि बुरशी हाच माझा कॉलेजातला अभ्यास, आणि घरात ही तऱ्हा. शेवटी आज विचारलं, "आई, झोपताना कवळी काढतेस ना?"

"तुझ्या बाबांसमोर बोळकं तोंड? नाही गं बाई."

म्हणजे रात्रभर कवळीखाली बुरशी वाढणार, आणि तिच्या जाळ्याला धरून जंतू मजेत राहणार. दोघं एकमेकांना सांभाळून घेतात, हे मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघते. तरी हे आधी विचारायचं सुचू नये मला?

मी हे सगळं समजावल्यावर जेवणानंतर आईने कवळी घासून पाण्याच्या वाटीत ठेवली आणि तोंडाला पदर लावला. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंडात बोट घालून पुढचा एक दात काढून हातावर ठेवला.

"तू गावी गेली होतीस ना, तेव्हा बसवला. मीपण काढत नाही."

आईचा पदर खाली आला. अशी हसली की बाबाही फटीतून हसायला लागले.

बाबा दात तिच्याच वाटीत टाकायला निघाले होते. म्हटलं, बाबा, वाटी तरी वेगळी घ्या.