शून्य म्हणजे सगळं ठीक

३ मार्च, मंगळवार. सकाळी ११.१०
रक्तपेढीतून फोन. आपल्या कंपनीने बनवलेला फ्रीज परवापासून इमानेइतबारे चार डिग्री दाखवतोय, आणि तिथल्या टेक्निशियनच्या हाताला पिशवी कोमट लागली. चोवीस पिशव्या फेकाव्या लागल्या. त्यातलं रक्त कुणाला चढवलं नव्हतं, नशीब.
साहेबांनी विचारलं, चूक कुठे आहे? म्हणालो, वायरिंग बघायला हवं. यात खोटं काही नाही. वायरिंग कधीही बघायलाच हवं.

दुपारी ३
माझा ड्रायव्हर, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरशी बोलणारा प्रोग्रॅम, उघडून पाहिला. सेन्सरने उत्तर दिलं नाही तर काय करायचं? दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलंय: मागचाच आकडा दे, आणि वर शून्य परत कर. आमच्या धंद्यात शून्य म्हणजे सगळं ठीक. चूक असेल तर उणे आकडा द्यायचा. शेजारी माझीच टीप: 'तात्पुरतं. नंतर बघू.'
म्हणजे सेन्सर मेला तरी फ्रीज चार डिग्रीच सांगणार. उद्या साहेबांना सांगणार. नक्की.

४ मार्च
साहेबांना सर्दी. आजारी माणसाच्या डोक्याला ताप नको.
बायकोने विचारलं, काय झालंय? म्हणालो, काही नाही.

५ मार्च
वायरिंगच्या ताईंची चौकशी सुरू. सव्वीस वर्षं सोल्डरिंग करतायत, म्हणजे वायरी डाग देऊन जोडतायत. मी नोकरीला लागलो त्या दिवशी सोल्डरिंगची तापलेली गन उलट्या बाजूने धरली होती, तेव्हा यांनीच माझा हात नळाखाली धरला. आता भिंग लावून एकेक जोडणी तपासतायत.
त्यांना चहा नेऊन दिला. दोनदा. म्हणाल्या, आज काय विशेष? म्हणालो, काही नाही.

६ मार्च, शुक्रवार
कबुलीचा ईमेल लिहिला. 'चूक माझी' फारच उघडंवाघडं वाटलं. बदलून 'रिटर्न व्हॅल्यूच्या हाताळणीत सुधारणेस वाव आढळतो' केलं. पाठवला! हलकं हलकं वाटतंय.

४.४०
साहेबांचं उत्तर, सगळ्या ऑफिसला कॉपी: 'छान. असाच पुढाकार घेत जा.' ताईंनी लांबूनच अंगठा वर करून शाबासकी दिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ मार्च, सोमवार
बोलत बसण्यापेक्षा दुरुस्त करून टाकलेलं बरं. आता सेन्सरकडून जरा काही वेडंवाकडं आलं की सरळ चूक म्हणून सांगायचं, अलार्म वाजवायचा. लपवाछपवी बंद. दोन तासांत लिहून झालं. टेस्टिंगची गरज नाही, सोपं आहे.

१० मार्च
टेस्टरूममधले अकराही फ्रीज एकदम कोकलायला लागले. सेन्सर अधूनमधून म्हणतो, 'कामात आहे, जरा थांबून विचार.' मी तीही चूक धरली. दोन वर्षं तोंडातून चकार शब्द नाही, आणि आज नुसतं शिंकलं तरी बोंब.
साहेब कानांवर हात ठेवून आले. म्हणाले, अकराच्या अकरा जोडण्या कच्च्या? मग माझ्याकडे वळून म्हणाले, तू तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस.
ताई माझ्याकडे बघत होत्या. मी स्क्रीनकडे. स्क्रीन बंद होता.

१२ मार्च
आता ड्रायव्हर तीनदा थांबून विचारतो, मगच ओरडतो. फ्रीज गप्प. पण ताईंनी काल दिवसभर बसून अकराही फ्रीज खोलून पुन्हा जोडले होते. साहेब म्हणाले, बघा, नीट जोडल्यावर कसे गप्प बसले!
ताई डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. ताई म्हणाल्या, मग हातच गेला असेल माझा. डबा न उघडता बसून राहिल्या. मला घास गिळवेना. (अर्धा डबा गेला.) मी नालायक माणूस आहे. सोमवारी सांगणार. खाली दोन रेघा.

१६ मार्च, सोमवार
घसा बसला. बायको म्हणते, सकाळी तर फोनवर चांगला ओरडत होतास.

१८ मार्च
ताईंनी राजीनामा दिला. परवा शेवटचा दिवस. साहेबांच्या केबिनच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणाले, काय रे? तोंडातून आपोआप गेलं, काही नाही.
घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, चोवीस माणसं हात पुढे करून आडवी झाली असतील ना रे त्या पिशव्यांसाठी? मी हो म्हणालो. लाज वाटते. फार वाटते.

२० मार्च, शुक्रवार
सांगितलं. दार लावून, एका दमात.
साहेबांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. ताईंचं अक्षर, ४ मार्च: 'सेन्सरची वायर काढून ठेवली तरी फ्रीज चार डिग्रीच दाखवतो. ड्रायव्हर बघावा.' साहेब म्हणाले, ड्रायव्हर तुझा, आणि तू वायरिंग म्हणालास. मी तुझं ऐकलं. पुढे अकरा फ्रीज ओरडले, तेव्हा त्या बाईंनीही तुझंच ऐकलं.
ताई भिंग फडक्यात गुंडाळत होत्या. त्यांनाही सगळं सांगितलं. म्हणालो, साहेब राजीनामा परत द्यायला तयार आहेत. म्हणाल्या, नको रे आता. जोडण्या नीट होत्या, एवढं फक्त लिहून दे.
लिहायला बसलो. तीन पानं झाली. कामाचा ताण, सेन्सरचा स्वभाव, साहेबांची सर्दी, सगळं आलं. ताईंनी उभ्याउभ्या वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि रेघा मारत गेल्या. शेवटी उरलं, 'जोडण्या नीट होत्या. चूक माझी.'
सही केली. खाली हळूच ३ मार्चची तारीख घालायला लागलो. ताईंनी कागदावर बोट ठेवलं. म्हणाल्या, आजची घाल.
२० मार्च घातली.