तुमच्या बंदुकीची फळी

अहो,

पत्राच्या माथ्यावर तुमचं नाव लिहायला अजून हात धजत नाही. म्हणून हे नेहमीचंच, स्वयंपाकघरातून हाक मारावी तसं.

आज का लिहितेय? अंगणात मंगरू सुतार सागवानाची फळी कोरून राहिला आहे, आणि तो वास मला थेट दरेकशाच्या आपल्या रेंजर क्वार्टरमध्ये घेऊन गेला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला गेलेल्यांसाठी प्रार्थना करायला लावत. मी अजून करते. पण प्रार्थना देवाकडे जाते, आणि मला तर तुमच्याशीच बोलायचं आहे.

फळी तुमच्या बंदुकीसाठी आहे. भाऊजींची हौस! लायसन त्यांनी आपल्या नावावर करून घेतलं आणि लगेच फर्मान सोडलं, "वहिनी, दसऱ्याच्या आत झाली पाहिजे. मधोमध बंदूक, वर वाघाचं तोंड, जबडा उघडा. खाली दादांचं नाव, आणि नावाआधी 'शिकारी'. दिवाणखान्यात कशी शोभेल बघा!"

शिकारी! तुम्ही! हसलात ना?

मंगरूने बंदूक फळीवर आडवी ठेवली आणि कोळशाने तिच्या कडेकडेने रेघ ओढली. मग उचलून उलटीपालटी केली. दस्त्याच्या तळावरून अंगठा फिरवत राहिला.

"बाई, घोडा तं नवाच्या नवा हाय. अन् दस्ता खालून काठीवानी झिजला. एकाच कोन्यात. साहेबाचा गुडघा दुखत होता नं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आमची माय मोहफुलं वेचाले जाये. वाघानं गाई नेल्या तवा बाया रानात जायाले भेत होत्या. साहेब रोज त्याइच्या पुढं चालत. चढावर बंदूक टेकवत टेकवत. मोह सरेपर्यंत गेले. तुमाले मालूम नाई?"

नाही हो, मला ठाऊक नव्हतं.

उजाडण्याआधी तुम्ही उठायचात, "दौरा आहे" एवढंच म्हणायचात, आणि मी कूस बदलायची. परत आलात की तुमच्या खिशात चिकट मोहफुलं सापडायची. कपडे धोब्याला देताना मी किती करवादले त्यांच्यावर! गुडघ्याला तेल मीच चोळायची. तुम्ही म्हणायचात, खुर्चीत बसून आखडला. आणि मी विश्वास ठेवायची!

मग तो दसरा आठवला. गोंदियाला राहायला आलो त्या सालचा. शस्त्रपूजा झाली होती, पाटावर बंदूक, तिला झेंडूची माळ. पाहुण्यांना चहा देता देता माझी जीभ सैल सुटली. "आमच्या ह्यांच्या बंदुकीला रानातला प्रत्येक प्राणी ओळखतो. समोरून नमस्कार करून जातो! अठरा वर्षांत घरात एक ससा आला नाही." भाऊजी तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. तुम्हीही हसलात. मग कप घेऊन आत गेलात आणि बराच वेळ तो विसळत बसलात.

पुढच्या दसऱ्याला मी तबक घेऊन आले तेव्हा तुम्ही बंदुकीवर खोळ चढवत होता. "राहू दे," म्हणालात. "ती कुठे शस्त्र आहे?"

तुमचा चेहरा मी पाहिला होता. सारं कळलं होतं मला. तरी 'चुकले' एवढा एक शब्द तोंडातून निघाला नाही. वाटलं, सांगू कधीतरी. थंडीत तुम्ही गेलात.

पण तुम्ही का नाही सांगितलंत? एक वाक्य तर बोलायचं होतं! मी काय इतकी परकी होते?

गेल्या आठवड्यात भाऊजी आले. मी म्हटलं, वाघ कोरायचा नाही.

"मग काय कोरणार?"

"मोहाची डहाळी. आणि खाली पडलेली फुलं."

"बंदुकीवर फुलं? लोक हसतील, वहिनी."

"हसू देत. मागच्या वेळी मीच हसवलं होतं."

मग मंगरूच्या आईची गोष्ट त्यांना सांगितली. जाताना ते फळीवरच्या बंदुकीपाशी वाकले आणि दस्त्याच्या त्या झिजलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवून गेले.

दुपारभर पटाशी चालू असते, टक टक. मी आरामखुर्चीत डोळे मिटते, आणि तो आवाज हळूहळू मऊ होत जातो. मोह गळतोय. कोवळ्या उजेडात बायकांच्या टोपल्या हलताहेत, कुणी गातंय, बोगद्याकडून गाडीची शिटी येते आणि डोंगरात विरून जाते. सगळ्यांच्या पुढे एक पाठमोरा माणूस, जरासा लंगडत. या खेपेला मी कूस बदलत नाही. मीही टोपली घेऊन मागे निघते. तुम्ही वळून बघत नाही, पण चाल थोडी मंद करता.

मजकूर मीच पेन्सिलीने फळीवर लिहिला. अक्षरासाठी सिस्टरांनी माझे कान धरले होते ते इतक्या वर्षांनी कामाला आलं. 'हिच्यामागून माणसं रानात गेली आणि घरी परत आली.' त्याखाली तुमचं नाव. थांबत थांबत, पण लिहिलं.

मंगरूने बोटाने दाखवून विचारलं, "हे काय लिवलं, बाई? वाचा नं."

"साहेबांचं नाव."

"ते समजलं. बोला तं."

मी पेन्सिल पदराला पुसू लागले.

"एवढं इंग्रजी शिकल्या, अन् नवऱ्याचं नाव काऊन येत नाई?" हसत हसत त्याने पटाशी उचलली.

लग्नात घेतलं तेवढंच, तेही यमकात लपवून. पण आता वचन देते. या दसऱ्याला बंदूक खोळीतून निघेल, फळीवर बसेल. दस्त्याचा झिजलेला कोपरा मंगरूने मुद्दाम उघडा ठेवला आहे. तिला गंध, फूल, आपट्याचं पान मी वाहीन. तेच पाहुणे बोलावले आहेत, तोच चहा असेल. त्या सगळ्यांसमोर ही फळी मी मोठ्याने वाचेन. शेवटच्या ओळीसकट.

तुमचीच,
कमल