धुतलेल्या जिन्याचा सर्व्हिस चार्ज

४, लार्चफील्ड रोड, पहिला मजला
३ मार्च २०१२

चि. नेट्टास, अ. उ. आ.

नाही, मी जिना धुणं सोडलेलं नाही. तू विचारलं नव्हतंस, माहितेय मला. पण तुझ्या मनात होतं, आणि तुझ्या मनातलं मला कॉर्बीहून इथं स्कॉटलंडपर्यंत ऐकू येतं. पंचाहत्तरी उलटली तरी माझे गुडघे शाबूत आहेत, बादलीही शाबूत आहे. मग अडचण काय?

अडचण अशी, की काउन्सिल म्हणतं जिना आम्ही धुतो. धुवा बाबांनो, नको कोण म्हणतंय? पण सप्टेंबरपासून त्यांचं काळं कुत्रंसुद्धा इकडे फिरकलेलं नाही, आणि भाड्याच्या खाली एक ओळ मात्र दर आठवड्याला न चुकता येते. सर्व्हिस चार्ज, जिना सफाई, चार पौंड. म्हणे उन्हाळ्यात घरोघरी चिठ्ठी टाकली होती, सफाई हवी का नको म्हणून. चिठ्ठीवर नाव काय, तर 'रहिवासी'. रहिवासी कोण? मी एफी रँकिन. पिझ्झावाल्यांच्या कागदांबरोबर मी ती कचऱ्यात घातली. जिन्यातल्या सहाही घरांनी तेच केलं. उत्तर आलं नाही म्हणजे हरकत नाही, असं त्यांनी धरून टाकलं.

तळमजल्यावरच्या ग्राझिनाला विचारलं तर ती खांदे उडवते. तिचा पगार तुटपुंजा, त्यामुळे तिचं भाडं आणि हा चार्ज सरकार परस्पर भरतं. बाई चांगली आहे, पोलंडची आहे, तिच्या दारापुढचा टप्पा आरशासारखा असतो. पण तिला झळ नाही.

झळ आहे ती वॉटी पेटिग्र्यूला. वरच्या मजल्यावरचा, गोदीत पत्रे ठोकायचा तो. बायको गेली आणि त्याने अकॉर्डियन विकून टाकलं, आठवतंय? त्याचं पेन्शन सरकारी मदतीच्या रेघेच्या केसभर वर, म्हणून मदत शून्य. गुडघे तर गेलेलेच. पाटी त्याच्या कडीला लागली, 'या आठवड्यात जिना धुवायचा नंबर तुमचा', की मी ती गुपचूप काढून माझ्या कडीला लावते आणि त्याचा नंबर मीच धुते. तो शनिवारी सकाळी बेकरीतून गरम रोल आणतो आणि पेपरातली मयतं मला वाचून दाखवतो, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून. आता म्हणतो, जिना चढवत नाही आणि न धुतलेल्या जिन्याचे पैसेही परवडत नाहीत. हा चार्ज निघाला नाही तर मे महिन्यात लेकीकडे ॲबर्डीनला कायमचा जाणार. मी म्हटलं, जायचं तर जा. मला काय त्याचं? धुवायला एक टप्पा कमी. रोल मी माझे आणीन. मयतं काय, कळायची ती कळतातच.

तू तिकडे हाउसिंग ऑफिसात इतकी वर्षं खुर्ची झिजवलीस. तेव्हा सांग, न केलेल्या कामाचे पैसे घेणं कुठल्या कायद्यात बसतं? दोन ओळींत सांग, फाटे फोडू नकोस.

माया आहे तेवढी पुरे. उत्तराला टपालाचं तिकीट स्वस्तातलं, सेकंड क्लासचं लाव, पत्राला पळायची घाई नसते.

तुझी,
एफीताई


कॉर्बी
११ मार्च २०१२

ती. एफीताईस, सा. न. वि. वि.

दोन ओळींत बसत नाही, ताई. बसलं असतं तर मला इतकी वर्षं पगार कशाला दिला असता?

हे बघ. भाडं दाराच्या आतल्या घराचं. सर्व्हिस चार्ज दाराबाहेर जे सगळ्यांचं मिळून असतं त्याचा. जिना, जिन्यातला दिवा, खालच्या दाराची बेल, मागचं गवत कापणं. या कामाला जो खर्च येतो तो ज्या घरांना ते काम मिळतं त्यांच्यात वाटायचा, वर नफा काढायचा नाही. वाटणी घरामागे, माणसामागे नाही. सात पोरांचं घर आणि एकटी तू, दोघांना चार्ज सारखाच. मी जिना वापरत नाही असं तळमजल्यावाल्यालाही म्हणता येत नाही. आणि आमचा आम्ही धुतो असं म्हटलंस तर ऑफिसवाले म्हणतील, हौस आहे तुमची, धुवा.

पण एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. पैसे घेतले आणि काम केलंच नाही, असं दाखवून दिलंस तर चार्ज निघतो आणि आजवरचे पैसेही परत मिळतात. सहाही घरांना, म्हणजे वॉटीलाही. मात्र दाखवावं लागेल. तेव्हा काउन्सिलच्या हाउसिंग ऑफिसरांना जिना बघायला बोलव, आणि ते येईपर्यंत बादलीला हात लावू नकोस. पाटी काढून ठेव. सगळ्या घरांना तसं सांग. महिनाभर कुणीही काही धुवायचं नाही. घाण हाच तुझा साक्षीदार. साक्षीदाराला आंघोळ घालू नकोस, एवढंच माझं मागणं.

आणि रागावू नकोस, पण पत्र तू सर्व्हिस चार्जचं म्हणून लिहिलंस आणि निम्मं वॉटीने खाल्लं. 'मला काय त्याचं' हे माणूस कधी लिहितं, ते आईने आपल्या दोघींनाही शिकवलंय.

माझी आठवण येत असेलच, तशीच येऊ दे.

तुझी,
नेट्टा


४, लार्चफील्ड रोड
१६ एप्रिल २०१२

चि. नेट्टास, अ. उ. आ.

वॉटीने पत्र खाल्लं म्हणे! तुझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच.

तू सांगितलंस तसं केलं. पाटी कपाटात टाकली, सगळ्यांना बजावलं. पहिल्या आठवड्यात कुणीतरी तेलकट चिप्सचा कागद तिसऱ्या पायरीवर टाकला. टाकला तर टाकला, साक्षीदार आहे म्हटलं. मी डोळे मिटून त्याच्यावरून जायची. एकदा मान मोडता मोडता वाचले. वॉटी म्हणाला, जिना स्टेशनसारखा दिसतो, फक्त गाडी येत नाही. ग्राझिनाने हळूच विचारलं, घरात कुणी गेलं का म्हणून. पण हात लावला नाही.

मग मिस बिसेट नावाच्या ऑफिसरबाईंचं पत्र आलं. मंगळवारी सकाळी येते म्हणून.

आता तूच सांग. मंगळवारी सकाळी मी दार उघडलं, जिना पाहिला, आणि म्हटलं, परकी बाई येणार, ऑफिसातली, आणि आपला जिना असा? आई थडग्यातून उठून आली असती. म्हटलं फक्त कागद उचलू. तर कागदाखाली तेलाचा डाग. डागाला गरम पाणी लागतं. आणि एकदा बादली भरल्यावर पाणी काय मोरीत ओतायचं? माझा टप्पा धुतला. धुतल्यावर पायऱ्यांच्या कडा ओक्याबोक्या दिसायला लागल्या, म्हणून आईसारखी पांढऱ्या खडूची नक्षी काढली. एवढंच. ग्राझिनाचा टप्पा तरी घाण असेल, काम भागेल म्हणून खाली डोकावले, तर ही बाई लालबुंद होऊन ब्रशने फरशी खरडतेय. माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. बाकीच्या दारांतूनही ओली फडकी बाहेर आलेली. आणि वरून आवाज, खस खस. वॉटी! त्या गुडघ्यांवर बसून!

बिसेटबाई आल्या. मी सांगितलं, तुमचं कुणीही येत नाही. त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, आणि गोड आवाजात विचारलं, मग हा इतका स्वच्छ कसा? माझ्या दारात बादली वाफाळत होती. नेट्टा, मी काय सांगणार होते? हा महिनाभर उकिरडा होता आणि तुम्ही येणार म्हणून धुतला? एका अनोळखी बाईला? मी ताठ उभी राहिले आणि म्हटलं, आमचा जिना नेहमी असाच असतो.

बाईंनी लिहून घेतलं. सफाई समाधानकारक. वर फोटोही काढले, दुसऱ्या जिन्यांना दाखवायला. चार्ज राहिला. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

वॉटीला मात्र उठता येईना. बिसेटबाई आणि मी, दोघींनी धरून उठवलं. बाईंनीच त्याच्या लेकीला, कर्स्टीला, फोन लावला. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती व्हॅन घेऊन येणार. मी त्याला विचारलं, कुणी सांगितलं होतं धुवायला? तर म्हणाला, तू धुताना आवाज आला, मग मी काय झोपून राहू? मी म्हटलं, जायचं तर जा आता. तो म्हणाला, जातो. मूर्ख माणूस.

यावर हसलीस तर आशीर्वाद परत घेईन.

एफीताई


कॉर्बी
२२ एप्रिल २०१२

ती. एफीताईस, सा. न. वि. वि.

हसले. आशीर्वाद परत घे. शेजारणीलाही वाचून दाखवलं, तिचाही घे.

अजून वेळ गेलेली नाही. पुन्हा तपासणी मागता येते. फक्त तक्रारीत खरं लिहायचं, की त्या दिवशी जिना आम्हीच धुतला, त्याआधी महिनाभर तो घाण होता. खाली सही करायची. तुझ्या हातून होणार नाही हे मला माहीत आहे, पण सांगायचं माझं काम.

दुसरी गोष्ट ऑफिसच्या कुठल्याच खात्यात येत नाही. तू त्याला महिनाभरात 'जा' म्हणालीस, मग पुन्हा 'जा' म्हणालीस. 'राहा' हा शब्द त्याच्याहून फार मोठा नाही, ताई. गुडघे गेलेल्या माणसाला दोन मजले चढून राहा कसं म्हणायचं, असं म्हणशील. ते मला सुचत नाही. तुला सुचेल. तुला आजवर मार्ग सुचला नाही असं झालेलं नाही, फक्त कबूल करायला वर्षं लागतात. या वेळी हातात दोनच आठवडे आहेत.

पत्राचं उत्तर दे, मग कितीही तिखट असो.

तुझी,
नेट्टा


४, लार्चफील्ड रोड
१४ मे २०१२

चि. नेट्टास, अ. उ. आ.

तक्रार लिहिली नाही, लिहिणार नाही. माझा जिना घाण होता असं माझ्या सहीने? मेले तरी नाही.

काउन्सिलने खालच्या दाराला काचेच्या चौकटीत प्रशस्तिपत्रक लावलं आहे. 'आदर्श जिना'. सफाई कंपनीला शाबासकी दिली म्हणे. चौकट ठोकायला त्या कंपनीचाच माणूस आला. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा त्यांच्यातल्या कुणाचं थोबाड बघितलं. चिखलाचे बूट घेऊन वर येत होता. मी त्याला पाय पुसायला लावले. जिना छान ठेवता हो, म्हणाला. मी म्हटलं, तुम्हीच ठेवता. बिचारा खिळे उचलून गेला.

ठरल्याप्रमाणे पहिल्या शनिवारी कर्स्टी आली. पोरगी कामाची आहे, बोलते फार. व्हॅनवाल्याने वॉटीची खोकी उतरवायला घेतली. वरच्या मजल्यावरून पहिल्यावर आला, तसं मी माझं दार उघडलं आणि म्हटलं, हे इथं ठेव. तो थांबला. कर्स्टी म्हणाली, आँटी, व्हॅन खाली आहे. मी म्हटलं, दिसतेय मला. मग तिला समजावलं. सर्व्हिस चार्ज घरामागे असतो, माणसामागे नसतो. माझी बहीण हाउसिंग ऑफिसात होती, तिने लेखी कळवलंय. एकाच जिन्याचे दोन घरांनी दोनदा पैसे भरायचे, हा मूर्खपणा आहे. शिवाय एक मजला कमी चढायचा. मागच्या खोलीत आईचं शिलाई मशीन सोडून काही नाही. बिसेटबाईंना विचारून झालंय, त्यांची हरकत नाही. कर्स्टी बापाकडे बघत राहिली. बाप खोक्यावर बसून होता, टोपी हातात. मी त्याला म्हटलं, पाय पूस आणि आत ये.

त्याने पुसले. फार वेळ पुसत होता.

पाटी पुन्हा बाहेर काढली. दोघांचं घर एक, नंबर एक. जिना मी धुते, तो पायरीवर बसून खडूची नक्षी काढतो. वाकडी काढतो, मी नंतर सरळ करते. परवा शनिवारी कुणाच्या तरी बायकोचं मयत वाचताना त्याने एकच ओळ दोनदा वाचली. मी पेपर काढून घेतला आणि रोलला लोणी लावायला सांगितलं.

हो, एकट्या माणसाला काउन्सिलच्या करात मिळते ती सूट माझी गेली. माहितेय मला. ती सूट सर्व्हिस चार्जपेक्षा मोठी होती, हेही माहितेय. आकडेमोड करून पाठवू नकोस. ग्राझिनाने केक आणून दिला, त्यावर काय लिहिलं होतं तेही विचारू नकोस. पोलिश होतं, मला वाचता येत नाही. वॉटीला तिने अर्थ सांगितला, तो मला सांगत नाही.

तुझं पुढचं पत्र कशाबद्दल असेल ते मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगते. लग्नात घालायला म्हणून नवी हॅट घेऊ नकोस. चार्ज वाचवला, विषय संपला. यापुढे मी याबद्दल काहीही सांगणार नाही.

एफी